मांगच्या साली, मांगून आणि पूर्वी

प्रश्न : 'मांगच्या साली' म्हणजे सरलेलं वर्ष. पण आमच्या यवतमाळकडं 'तू हो पुढं, मी मांगून येतो' म्हटलं, की येणं अजून व्हायचं असतं. मग 'मागे'चा अर्थ झालेलं की व्हायचं?

उत्तर : भाऊ, पेरणी डोळ्यांपुढं आणा. तिफन, म्हणजे पेरणीचं औत, पुढं; सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरलेली बाई मागून. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या माणसापाशी तिफन आधी पोचते, बाई नंतर. रांगेत पुढचा तो आधीचा, म्हणून 'मांगून' म्हणजे नंतर. 'मांगच्या साली'त रांग नाहीच. तिथं चालतो आपण, आणि तुडवून झालेली वाट पाठीशी राहते.

भर : 'पूर्व' या शब्दाकडंही बघा. उगवतीकडं तोंड केलं की समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीशी पश्चिम. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचं, उगवतीचं आणि आधीचंही. म्हणजे 'पूर्वज'मध्ये गेलेले लोक समोर आहेत! दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतले आयमारा लोक आजही असंच बोलतात. त्यांचा 'नायरा' म्हणजे डोळा, समोरचं आणि भूतकाळ. 2006 साली नुन्येझ आणि स्वीट्सर या संशोधकांनी दाखवलं, की जुनं सांगताना तिथल्या म्हाताऱ्यांचा हात पुढं जातो. घडलेलं दिसलेलं असतं, व्हायचं ते दिसत नाही. मला हे फार पटतं.

आणखी एक : ऑस्ट्रेलियातल्या पोर्मपुराव गावचे मूळ रहिवासी डावं-उजवं फारसं बोलत नाहीत, दिशा सांगतात. माणूस म्हातारा होत जाण्याची चित्रं त्यांना क्रमानं लावायला दिली. दक्षिणेकडं तोंड असलं तर ती डावीकडून उजवीकडं लागली, उत्तरेकडं असलं तर उजवीकडून डावीकडं. काळ कायम उगवतीकडून मावळतीकडं! बोरोडित्स्की आणि गॅबी यांचा हा अभ्यास 2010 चा. आपल्याकडंही वावरातली जागा 'उगवतीच्या धुऱ्यावर' अशीच सांगतात, पण काळाला ती दिशा आपण लावत नाही. डावीकडून उजवीकडं लिहिण्याची सवय शाळेपासून हाताला लागते, तिचाही यात वाटा असावा.

उत्तर : आमची आजी 1972 चा दुष्काळ सांगताना हात खांद्यावरून पाठीकडं टाकते. 'त्याच्या मांगून हमीची कामं निघाली' म्हणते, तेव्हा तोच हात पुढं येतो. शब्द 'मांगून', हात पुढं. हे मी आत्ता तिला पुन्हा सांगायला लावून पाहिलं.