आईबाबांना ताजच्या सी लाउंजमध्ये न्यावं का?

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होताहेत. बाबांनी आयुष्यभर गेटवेवर उभं राहूनच ताज पाहिलं. आता आत चहाला न्यायचंय. आई शाकाहारी, बुजणार तर नाही ना?

गिरगावकर: नक्की न्या! गेल्या वर्षी मी आईला नेलं होतं. पहिली दहा मिनिटं ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. शेवपुरी पुढ्यात आली आणि सैलावली. वेटर खुर्ची ओढायला आला, तर म्हणाली, "राहू दे रे बाळा." खिडकीजवळचं टेबल मात्र आधीच सांगून ठेवा, समोर समुद्र दिसतो.

प्रश्नकर्ती: बाबांनी मेनूतले आकडे पाहिले तर घोट घशाखाली उतरणार नाही.

गिरगावकर: बिल तुमच्याच हातात द्यायला सांगून ठेवा. आम्ही तेच केलं.