डेटा, माहिती, ज्ञान: तिघांची खाती वेगळी करायची का?

भांडुपची
बीकेसीतल्या एका विमा कंपनीत डेटा गव्हर्नन्सच्या (डेटाचे नियम आणि जबाबदाऱ्या ठरवणाऱ्या) टीममध्ये नुकतीच रुजू झाले आहे. साहेबांना स्लाइड हवी आहे: तळाला डेटा, वर माहिती, त्यावर ज्ञान, टोकाला शहाणपण. इथवर ठीक. पण आता त्याच पिरॅमिडवरून कामंही वाटायची म्हणतात. डेटा आयटीकडे, माहिती रिपोर्टिंगकडे, ज्ञान क्लेममधल्या सीनियर मंडळींकडे. मला खटकतंय, पण मीटिंगमध्ये नीट मांडता येईना.

सेंट्रलवाला
स्लाइड द्या आणि मोकळ्या व्हा. रसेल ॲकॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८९ मध्ये ही उतरंड लिहिली, तेव्हापासून सगळे तेच चिकटवतात.

जुना पार्लेकर
सेंट्रलवाले, स्लाइडपुरतं चालेल हो, पण इथे माणसं वाटली जाताहेत.

ताई, विम्यात आहात तर पावसाचंच उदाहरण न्या. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७३. आता हा ९४४ म्हणे निव्वळ डेटा, सगळ्यात खालची पायरी. अहो, पाऊस आभाळातून पडला, आकडा नाही! पर्जन्यमापक झाडा-भिंतींपासून किती लांब बसवायचा, दिवस कुठे तोडायचा, हे आधी कुणा जाणत्याने ठरवलं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणून २६ च्या दुपारी कोसळलेला पाऊस रोजच्या नोंदीत २७ तारखेखाली सापडतो. म्हणजे ज्ञान आकड्याच्या आधी लागलं. डीएमबॉक या डेटा व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१७) पिरॅमिडवर हाच आक्षेप आहे: डेटा आपोआप नसतो, तो तयार करावा लागतो आणि त्यालाच ज्ञान लागतं. डेटा आणि माहिती या दोन सुट्या वस्तू आहेत, हेही तिथे मान्य नाही.

आता साहेबांची वाटणी लावून बघा. क्लेममध्ये नुकसानीची तारीख २६, पावसाच्या फाइलीत तो पाऊस २७ ला. आयटीवाला तारखेला तारीख जोडणार, म्हणजे २६ च्या क्लेमला आदल्या दिवसाचा पाऊस चिकटणार. फॉरमॅट बरोबर, कॉलम भरलेला, क्वालिटी रिपोर्ट हिरवागार. रिपोर्टिंगवाली त्यावर चार्ट काढणार. आणि साडेआठची भानगड ज्याला ठाऊक, तो क्लेमवाला ‘ज्ञान’ खात्यात बसून रिटायरमेंटची वाट बघणार. त्याच्या डोक्यातलं कॉलमच्या व्याख्येत, मेटाडेटात (डेटाविषयीच्या माहितीत) उतरायला हवं. तोच तुमचा डेटा स्टुअर्ड, म्हणजे त्या डेटाचा अर्थ आणि दर्जा सांभाळणारा माणूस. गोरेगावच्या दुकानाला सांताक्रूझचा आकडा लावायचा का, हेही त्यालाच विचारा, आणि उत्तर नियम म्हणून लिहून घ्या.

सेंट्रलवाला
क्लेमवाले व्याख्या लिहीत बसणार? आमच्याकडे फायलीवर सही करायलाही तीन रिमाइंडर लागतात.

जुना पार्लेकर
लिहिणार नाहीत. त्यांनी चहा पिता पिता सांगायचं, ताईंनी टिपायचं, त्यांनी वाचून होकार द्यायचा.

भांडुपची
हे जमेल. एक शंका: आमच्या पावसाच्या फाइलीत काही दिवशी ० आहे, काही दिवशी जागा रिकामी. दोन्ही एकच धरू?

जुना पार्लेकर
मुळीच नको. ० म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे नोंदच नाही. फाइल कोणाकोणाच्या हातातून आली ते आधी शोधा. मध्येच कुणी नीटनेटकं दिसावं म्हणून रिकाम्या जागी ० भरले असतील, तर नुसत्या फाइलीवरून ते कळणार नाही. मूळ नोंदी मागवाव्या लागतील.