जीन एडिटिंगला पैसा, रानातल्या झाडांना ठेंगा?

घाटमाथा
मे 2025 मध्ये जीन एडिटिंग केलेले, म्हणजे स्वतःच्याच जीनमध्ये नेमका बदल केलेले, भाताचे दोन वाण जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी राइस 1, तेव्हापासून आमच्या कॉलेजात बॉटनीला येणारं प्रत्येक पोर म्हणतंय सर क्रिस्पर, म्हणजे ती जीन कापायची कात्री, शिकवा. शिकवू की, पण कॉलेजच्या कुंपणावर चढलेला वेल कुठला हे विचारलं की सगळे मोबाईल काढतात. माझं म्हणणं सरळ आहे, आधी सह्याद्रीतली झाडं नीट नोंदवा, त्यांचं बी जमवा, त्याला पैसा द्या, लॅबचं नंतर बघू. कारण पिकाला लागणारा गुण शेवटी रानातूनच येतो. 1970 च्या दशकात भातावर ग्रासी स्टंट विषाणू आला तेव्हा फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने 6000 च्या वर नमुने तपासले, आणि प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून नेलेल्या रानभाताच्या फक्त एका नमुन्यात! तो कोणी पिशवीत भरून ठेवलाच नसता तर?

पेट्रीडिश
सर, उदाहरण भारी आहे पण ते तुमच्या काळातलं. कमलामध्ये रानभाताचा कणही नाहीये. ते बनलं सांबा मसुरी या वाणापासून, त्यात दाण्यांची संख्या दाबून धरणारा जो जीन आहे तो बंद केला, बस. बाहेरचं काही घातलं नाही म्हणूनच तर मार्च 2022 मध्ये सरकारने अशा पिकांना जीएमच्या, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या, कडक नियमांतून सूट दिली. दावा आहे 19 टक्के जास्त उत्पन्न आणि 20 दिवस लवकर काढणी. हेच संकर करून आणायला गेलात तर सांबा मसुरीचा बारीक दाणा आणि भाताची चव परत मिळवायलाच किती पिढ्या बॅकक्रॉस, म्हणजे परत परत मूळ वाणाशीच संकर, करावे लागतात, मी केलेत, आयुष्यातली पाच वर्षं गेली त्यात आणि हाती आला एक पेपर.

घाटमाथा
पेट्रीडिश, तो जीन बंद केला तर दाणे वाढतात हे कळलं कसं ते पण सांगा ना. 2005 साली जपानी लोकांनी हबाताकी नावाच्या वाणाला दाणे जास्त का लागतात ते शोधलं, तिथे तो जीन निसर्गतःच अधू होता. म्हणजे कात्री तुमची, पण कुठे कापायचं ते झाडानेच दाखवलं.

पेट्रीडिश
मान्य, हा गुण तुम्हाला. पण हबाताकी हे शेतातलं वाण आहे, घाटातलं रानफूल नाही. तुम्ही कासच्या पठारावर सगळी फुलं मोजलीत तरी त्यातून माझ्या भाताला काय मिळणार? कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ रानफूल वाचवा ना, कोणी नको म्हणतंय, शिवाजी विद्यापीठात बॉटनीच्या यादव सरांनी त्यावर किती काम केलंय. फक्त ते वाचवायचं म्हणून वाचवा, दरवेळी पिकाचं निमित्त कशाला?

वऱ्हाडी_माणूस
मी कापूसवाला आहे, कोरडवाहू. तुमचं दोघांचं वाचून डोकं भणभणलं. 2002 मध्ये बीटी, म्हणजे अळी मारणारा जिवाणूचा जीन घातलेलं कापसाचं बी, आलं, पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीची फवारणी खरंच कमी झाली, हे नाकारणारा खोटं बोलतो. मग 2006 मध्ये दोन जीनवालं आलं, तरी गुलाबी अळी आता त्यातही मजेत बसते. पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बी यायचं, अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेने लावा म्हणायचे, आम्ही कोणी लावलं नाही हेही सांगतो. आणि फरदड, पाणी असलं की मार्चपर्यंत कापूस उभा ठेवायचा म्हणजे अळीला बारा महिने खानावळ. पण बीटी दिलं ते हायब्रीडमध्ये, दरसाल विकत घ्यावं लागेल असं, हे कोणाच्या सोयीचं? आमच्या आजाच्या वेळचा देशी कापूस पाऊस कमी पडला तरी तग धरायचा, त्यात सरळ वाण करून दिलं असतं तर बी घरचं राहिलं असतं.

शंकेखोर
देशी कापसाचा धागा आखूड असतो हो, गिरणी घेत नाही म्हणून तर अमेरिकन कापूस पसरला. आठवणीत सगळंच गोड लागतं.

वऱ्हाडी_माणूस
आखूड आहे हे मलाबी माहीत आहे. तो लांब करायचा अभ्यास किती झाला ते विचारतोय मी.

जुन्नरची_लेक
पेट्रीडिश, "रानफुलातून काय मिळणार" यावर थांबा जरा. तुरीचंच घ्या. हायब्रीड तूर करायची तर नरवंध्य, म्हणजे परागकण न देणारं, झाड लागतं, नाहीतर लाखो फुलांतले पुंकेसर हाताने खुडत बसा. तो गुण मिळाला रानटी भाऊबंदांकडून, हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने त्यावरच आयसीपीएच 2671 काढली. दुसऱ्या एका रानतुरीच्या शेंगेवर इतकी दाट लव असते की घाटेअळीला आत शिरणंच जड जातं. मुगाचा एक भाऊबंद तर खंडाळ्याच्या नावाने ओळखला जातो, विग्ना खंडालेन्सिस. ही झाडं रस्ता रुंद करताना जेसीबीखाली जातात आणि कोणाला पत्ताही नसतो. फक्त सर, तुमचंही "लॅबचं नंतर" पटत नाही. नरक्या या रानझाडाचं काय झालं आठवतंय ना, कॅन्सरच्या औषधाचं रसायन त्यात आहे म्हटल्यावर सह्याद्रीत झाडंच्या झाडं तोडून नेली. तेव्हा लॅबमध्ये रोपं वेळेवर तयार झाली असती तर जंगलावर एवढा ताण आला नसता.

घाटमाथा
नरक्याचं खरंय. "नंतर" हा शब्द मागे घेतो. पण पैशाचं मागे घेत नाही, आमच्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला, कपाटाची काच बदलायला दोन वर्षं अर्ज फिरतोय.

पेट्रीडिश
तुरीचं माहीत होतं, लव डोक्यात नव्हती आली. ती दाट लव कुठल्या जीनमुळे येते ते सापडलं तर नेहमीच्या तुरीत एडिटिंग करून बघता येईल. पण त्याला वेगवेगळ्या ठिकाणच्या रानतुरीचं बी हवं, एकाच जागचं नको. झाडांचं बी जपणाऱ्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्रात विचारतो. सर, तुमच्याकडे घाटातलं आहे का?

घाटमाथा
बी आहे, तीन ठिकाणचं, चिठ्ठ्या लावून ठेवलंय. उगवतं का ते नाही बघितलं.

वऱ्हाडी_माणूस
केलं तर सरळ वाणात करा, हायब्रीडमध्ये नको. माझी तूर फुलोऱ्यात आहे, अळी दिसायला लागली, फवारणीला चाललो.