प्रति: सीव्हीटी नकोच?

"नव्या मॉडेललाही सीव्हीटीच देणार असतील तर मी थांबत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं," असं वर लिहिलंय. ओरडतं, खरंय. सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचाच एक प्रकार; त्यात दोन पुलींमधला स्टीलचा पट्टा सरकत राहतो, ठरावीक गिअर नसतातच; म्हणून आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. टोयोटाने २०१८ मध्ये यावर फार छान तोडगा काढला: गाडी उचलायला खराखुरा पहिला गिअर, पुढे पट्टा. छोट्या गाड्यांत हे यायलाच हवं!

पण आमच्या आईला कंबरदुखी आहे. सिंहगड रोडच्या गर्दीत एएमटीचा, म्हणजे साधेच गिअर आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा, प्रत्येक हिसका तिला जाणवायचा. सीव्हीटीत ती चक्क झोपते. पाय हलका ठेवून एकदा चालवून बघाच. आणि ऑइल सीव्हीटीचंच घाला, दुसरं चालत नाही.