रविवारी तीन घरं बघायला जातोय, आधी काय काय तयारी करू? (बडोदा)

मांजलपूरची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही दोघं नोकरीवाले, सात वर्षं मांजलपूरला भाड्याने राहतोय, आता स्वतःचं घ्यायचंय. सासूबाई आमच्याबरोबर असतात, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट नाहीतर खालचा मजला हवाच. साठवलेले 11 लाख आहेत, बजेट 48 पर्यंत धरलंय. ब्रोकरने रविवारी तीन घरं लावलीयत, भायलीला नवीन स्कीम (काम चालू आहे), अकोट्याला ग्राउंड फ्लोअरचा जुना फ्लॅट आणि वाघोडिया रोडला एक टेनामेंट (स्वतःच्या जमिनीवरचं छोटं घर). मागच्या महिन्यात एक घर बघितलं ते इतकं आवडलं की काही विचारायचं सुचलंच नाही, घरी आल्यावर लक्षात आलं की पार्किंगचंसुद्धा विचारलं नाही. यावेळी तसं व्हायला नकोय. तुम्ही काय करून गेला होतात?

बँकेतून_निवृत्त:
ताई, आधी बँकेत जा, मग घर बघा. सिबिल रिपोर्ट (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा अहवाल) दोघांचाही काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. आता 48 चा हिशोब बघा. लोन 30 लाखांच्या वर आणि 75 पर्यंत असलं की बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 38.40, तुमचे 9.60. स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के म्हणजे 2.35 लाख आणि नोंदणीचा 1 टक्का 48 हजार, हे सगळं खिशातून, बँक ते किमतीत धरत नाही. झाले 12.43. तुमच्याकडे 11. आणि भायलीचं काम चालू आहे म्हणजे त्यावर जीएसटी, 45 लाखांच्या वरच्या घराला 5 टक्के, आणखी 2.40 लाख. बीयू परमिशन (बांधकाम पूर्ण, वापराला परवानगी) आलेल्या घराला जीएसटी नसतो. मी तुमच्या जागी असतो तर 40 च्या वरचं घर बघितलंच नसतं. दस्तावेज (खरेदीखत) फक्त तुमच्या नावावर केला तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे, यजमान लोनमध्ये राहू शकतात का ते बँकेला विचारून ठेवा.

समा_रोड:
अकोट्याच्या ग्राउंड फ्लोअरबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही समाला ग्राउंड फ्लोअरलाच होतो, पाणी घरात आलं, फ्रिज, वॉशिंग मशीन, मुलीची दहावीची पुस्तकं सगळं गेलं आणि दोन दिवस आईला वरच्या शेजाऱ्यांकडे ठेवावं लागलं. घर घेताना आम्ही टाइल्स बघितल्या, किचन बघितलं, पाणी कुठपर्यंत येतं हे कोणालाच विचारलं नाही. त्यामुळे रविवारच्या आधीच एकदा ब्रोकरशिवाय जाऊन या, वॉचमनला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, समोरच्या दुकानदाराला विचारा की 2024 ला आणि 2019 ला पाणी कुठपर्यंत होतं. ते हात लावून दाखवतात. मीटर किती उंचीवर बसवलेत बघा, भिंतीला खालचे तीन-चार फूटच नवीन रंग असेल तर का ते विचारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून खालचा मजला बघताय हे कळतं, पण पाणी चढताना त्यांना उचलून वर न्यायचं म्हणजे काय ते मी केलंय. नदीच्या जवळपास असाल तर लिफ्टवाला दुसरा मजलाच घ्या.

वकिली_रावपुरा:
आधी व्हॉट्सॅपवर कागद मागवून घ्या, घर बघून झाल्यावर मागू नका, कारण एकदा घर डोळ्यात भरलं की माणूस कागद वाचत नाही, रोज बघते मी. भायलीच्या स्कीमचा रेरा नंबर (बांधकाम प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) घ्या आणि गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेराच्या साइटवर टाकून बघा, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती आणि ताबा कधी ते तिथे दिसतं. ब्रोकर सुपर बिल्टअप (जिना, लॉबी धरून फुगलेलं माप) सांगेल, तुम्ही कार्पेटच विचारा. नोंदवलेला बानाखत (विक्रीचा करार) झाल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांच्या वर पैसे घेऊ शकत नाही. जुन्या फ्लॅटला बीयू, आधीचे सगळे दस्तावेज आणि सोसायटीची बाकी नसल्याचा कागद. टेनामेंटला जमीन एनए (बिगरशेती) आहे ना आणि मंजूर प्लॅन, मागे वाढवलेली खोली त्या प्लॅनमध्ये आहे का तेही जुळवा. बडोद्यात काही भागांना अशांत धारा (अशांत जाहीर केलेल्या भागांतल्या घरविक्रीचा कायदा) लागू आहे, तिथे कलेक्टरची परवानगी मिळाल्याशिवाय दस्तावेज होत नाही, ते आधीच विचारून ठेवलं की नंतर महिने जात नाहीत. आणि रविवारी चेकबुक घरी ठेवा, टोकन (घर अडवून ठेवायची आगाऊ रक्कम) त्याच दिवशी अजिबात नाही.

मांजलपूरची_सून:
खूप आभार सगळ्यांचे. बँकेवाल्या काकांचा हिशोब ह्यांना दाखवला, दोघंही गप्पच झालो. 40 ठरलं. एकच विचारते, सासूबाईंना पहिल्याच दिवशी नेऊ का? त्या म्हणतात मी येऊन काय करू.

कारेलीबाग_आजी:
न्याच त्यांना, पण तीन नको, एकच घर. आमच्या सुनेने मला नेलं होतं तेव्हा मी बाथरूमचा उंबरा बघितला, चांगला वीतभर उंच, रात्री अपरात्री पडलेच असते. सोबत मोजायची टेप घ्या, त्यांच्या पलंगाची आणि तुमच्या कपाटाची मापं घरूनच लिहून न्या. नळ सगळे एकदम सोडून बघा. आणि देवळाला, भाजीला चालत जाता येतं का ते त्यांनाच विचारा, आमच्या वयाला दिवसभर घरात बसणं फार जड जातं.

मांजलपूरची_सून:
आजी, हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. आज ऑफिस सुटल्यावर अकोट्याला जाऊन आलो, इस्त्रीवाल्या दादांनी कमरेपर्यंत हात दाखवला. ते घर रद्द केलं. भायलीची किंमत 40 च्या वर आहे म्हणून तीही नको म्हटलं. रविवारी फक्त वाघोडिया रोड, सासूबाईंना घेऊन.