थॅकरे हे इंग्रजी आडनाव मूळचं कुठलं? आपल्या ठाकरेंशी त्याचं नातं आहे का?

मोडीवाचक:

नमस्कार मंडळी. कित्तूरच्या १८२४ च्या लढाईवर एक मराठी टिपण तयार होत आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापाशी धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे मारला गेला. मराठी मजकुरात त्याचं नाव कुठे ठाकरे, कुठे थॅकरे, कुठे थाकरे असं छापलेलं दिसतं. रोमन लिपीत तर ते प्रबोधनकारांच्या आडनावासारखंच, अक्षर न् अक्षर तेच आहे. वाचक लगेच विचारणार, की हा साहेब ठाकऱ्यांपैकी कोण?

म्हणून विचारतो: हे इंग्रजी आडनाव आलं कुठून, भारतात कसं पोचलं, आणि हे सगळं मूळ कागदांवरून तपासायचं तर सुरुवात कुठून करायची? तिन्ही प्रश्नांना नेमकी उत्तरं हवी आहेत.

वॉशबर्न:

आधी नात्याचं सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. नातं काहीही नाही. ठाकरे हे मराठी आडनाव इंग्रज यायच्या कितीतरी आधीचं आहे आणि वेगवेगळ्या समाजांत आढळतं. विदर्भातले ठाकरे रोमन लिपीत सरळ टी-एच-ए-के-आर-ई असं लिहितात. केशव सीताराम ठाकरे (प्रबोधनकार, १८८५–१९७३) यांनी मात्र इंग्रजी कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याच्या नावाचं स्पेलिंग घेतलं. उसनं घेतलं ते फक्त स्पेलिंग.

आता इंग्रजी नावाचं मूळ. हे गावावरून पडलेलं आडनाव आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या विभागात, नेअर्झबरोच्या राजवनात, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात फ्यूस्टनजवळ थॅक्रे नावाची छोटी वस्ती होती. जुनं रूप थॅक्व्रा. त्यात दोन नॉर्स (जुन्या स्कॅन्डिनेव्हियन भाषेतले) शब्द आहेत: ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारायचं गवत किंवा लव्हाळा, आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा, बेचका. शाकारणीचं गवत जिथे माजतं तो ओढ्याकाठचा बेचका, असा अर्थ. इसेक्समधल्या थॅक्स्टेड गावाच्या नावातही हेच गवत आहे, फक्त जुन्या इंग्रजी रूपात. ‘व्रा’ हा शब्द उत्तरेकडच्या रे, डॉक्रे अशा गावांच्या नावांत सापडतो.

पण नॉर्स शब्द दिसला म्हणून घराणं व्हायकिंग ठरवू नका. आंतरजालावर आडनावांचे अर्थ सांगणारी पानं हीच चूक करतात. त्या भागात नॉर्स बोलणारे लोक वसले नवव्या-दहाव्या शतकात, आणि आडनावं कायम झाली तेराव्या-चौदाव्या शतकात. तोवर थॅक आणि व्रा हे तिथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीतले शब्द झाले होते. आडनावातून पूर्वजाची वस्ती कळते, त्याचा वंश कळत नाही.

वस्तीबद्दल आणखी एक. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी या खोऱ्यात १८७० च्या दशकात लागोपाठ तीन धरणं झाली: लिंडली वुड, स्विन्स्टी आणि फ्यूस्टन. थॅक्रेची जागा फ्यूस्टनच्या पाण्याखाली गेली. आजच्या नकाशावर शोधाल तर सापडणार नाही. धरणाआधीचा, १८५० च्या सुमाराचा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा), मैलाला सहा इंच या प्रमाणाचा नकाशा काढा.

शब्दवेल्हाळ:

वरच्या उत्पत्तीला एक पुस्ती. ‘थाक’, इंग्रजी थॅच (शाकारणे) आणि लॅटिन तेगेरे (झाकणे) यांचं मूळ एकच, आणि संस्कृतातला ‘स्थग्’ (झाकणे) हा धातूही त्याच कुळातला. त्या धातूवरून ‘स्थग’ म्हणजे लपूनछपून वागणारा, आणि त्यावरून आपला ठग. म्हणजे शाकारलेलं छप्पर आणि ठग हे शब्द दूरचे भाऊबंद आहेत. हे नातं धातूचं आहे, आडनावांचं नाही, एवढं मात्र टिपणात स्पष्ट लिहा.

गावकुस:

गावावरून आडनाव कसं पडतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पनवेलात राहणाऱ्याला कुणी पनवेलकर म्हणत नाही. तो मुंबईला गेला की पनवेलकर होतो. इंग्रजीत ‘कर’च्या जागी फ्रेंच वळणाचं ‘दे’ यायचं. १३७९ च्या माणशी कराच्या याद्यांत ‘विल्यम दे थॅक्व्रा’ अशी नोंद मिळते. पुढे ‘दे’ गळालं आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

या याद्या वाचताना एक ध्यानात ठेवा. कमीत कमी कर चार पेनी होता, आणि तो नवरा-बायको मिळून एकदाच भरावा लागे. सोळा वर्षांखालच्यांना कर नव्हता. त्यामुळे बायकोचं नाव बहुतेकदा नसतं, नुसतं ‘आणि त्याची पत्नी’ असतं. मुलं तर नसतातच. यादीवरून कुटुंबाचा आकार काढायला जाल तर फसाल.

प्रसाराचं म्हणाल तर नाव फार लांब पसरलंच नाही. लोकर-लिननच्या गिरण्या आणि यंत्रशाळा यांच्यामागे लोक खोऱ्यातून खाली पंचवीसेक किलोमीटरवरच्या लीड्सला उतरले, आणि आजही हे आडनाव तिथेच सर्वांत दाट आहे. कामगारांच्या धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १८३१ मध्ये लिहिणारा लीड्सचा शल्यवैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा याच नावाचा, फक्त शेवट ‘आर-ए-एच’. चार्ल्स थॅक्रेने १९०२ मध्ये लीड्समध्ये औषधाचं दुकान घेतलं. त्याची पुढे शल्यक्रियेच्या उपकरणांची कंपनी झाली आणि शल्यवैद्य जॉन चार्नलीचा कृत्रिम खुब्याचा सांधा तिनेच बनवला. अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियात ‘थॅकारा’ झालं: वॉशिंग्टन शहराचा आराखडा १७९२ मध्ये तांब्यावर कोरणाऱ्या जोडीतला एक थॅकारा होता.

वॉशबर्न:

भारतात आलेली शाखा फ्यूस्टनपासून काही मैलांवरच्या हॅम्प्सथ्वेटची. तिथला टॉमस थॅकरे (१६९३–१७६०) शिकून हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याला सोळा मुलं. त्यांतला धाकटा विल्यम मेकपीस (कादंबरीकाराचा आजोबा) १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि सिल्हेटचा कलेक्टर झाला. त्याचे बरेच मुलगेही भारतातच नोकरीला लागले. त्यांपैकी रिचमंड बंगालमध्ये होता. त्याचा मुलगा म्हणजे १८ जुलै १८११ रोजी कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार. रिचमंडचा भाऊ सेंट जॉन, तुमचा धारवाडचा कलेक्टर. म्हणजे कित्तूरला पडलेला थॅकरे हा कादंबरीकाराचा सख्खा काका.

कागदपत्री:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नियम एकच, आजकडून मागे जायचं. चौदाव्या शतकातला विल्यम पकडून खाली उतरायला लागलात तर मधल्या दोनशे वर्षांत धागा हमखास तुटतो.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासूनच मिळतं. नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासून दिलेलं आहे. एकाच जिल्ह्यात तीन ‘जॉन थॅक्रे’ आले की त्यांना वेगळं करायचा हाच खात्रीचा मार्ग.

जनगणना दर दहा वर्षांनी. १८४१ ची वापरताना जपा: पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं होतं, म्हणजे ४४ चा माणूस ४० चा दिसतो. जन्मगाव नाही, फक्त ‘याच परगण्यात का’ याचं हो-नाही. नातं आणि जन्माचं गाव १८५१ पासून. १९३१ ची आगीत जळाली.

त्याआधी चर्चच्या नोंदवह्या. हुकूम १५३८ चा, पण बऱ्याच चर्चच्या वह्या त्यानंतरच सुरू होतात. इथे सर्वांत जास्त चुका होतात त्या वर्षाच्या. १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे. वहीत ‘१० फेब्रुवारी १६९२’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६९३. टिपणात दोन्ही आकडे लिहा: १६९२/९३.

१६६२ ते १६८९ चुलींवर कर होता, चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. किती चुली यावरून घराची ऐपत कळते. मृत्युपत्रं १२ जानेवारी १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत, पण नेअर्झबरोच्या वनातल्या लोकांची पुष्कळशी तिथल्या जहागिरीच्या न्यायालयात. यॉर्कच्या सूचीत नाव नाही म्हणून ‘मृत्युपत्र नव्हतं’ असं लिहू नका. आणि १९७४ मध्ये सीमा बदलल्या. फ्यूस्टन आज नॉर्थ यॉर्कशरमध्ये दाखवतात, जुने कागद वेस्ट रायडिंगखाली आहेत.

मोडीवाचक:

अतिशय आभार. शोधताना स्पेलिंगचं काय करायचं? ‘उच्चारसाम्य’ निवडलं की भलतीच नावं समोर येतात.

कागदपत्री:

ते साउंडेक्समुळे, म्हणजे उच्चारावरून नावाला संकेतांक देणाऱ्या पद्धतीमुळे. त्यात पहिलं अक्षर ठेवतात, स्वर आणि एच-डब्ल्यू-वाय गाळतात, सी आणि के ला २, आर ला ६, उरलेल्या जागी शून्य. थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा सगळे टी२६० होतात हे बरंच आहे. पण ठाकूर, ठाकरे, टागोर आणि इंग्रजी टकर हेही टी२६० च. भारतातल्या नोंदींत तर गर्दी होते.

त्याऐवजी तारांकन वापरा: टी-एच, तारा, के, तारा, आर, तारा. के आणि आर यांच्यामधली तारा विसरू नका, तिथेच कुठे ई असतो, कुठे डब्ल्यू. काही संकेतस्थळांना पहिली तीन अक्षरं लागतात, तिथे टी-एच-ए द्या. सतराव्या शतकापूर्वीच्या हस्ताक्षरात सी आणि टी जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे सूचीकाराने थॅक्व्राचं ‘थॅटक्व्रा’ केलेलं असू शकतं. शंका आली की मूळ पानाचं छायाचित्र पाहा.

आडनावाचं म्हणून कुलचिन्ह विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. कुलचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

गावकुस:

सेंट जॉनसाठी थेट सांगतो. कंपनीकाळातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. धारवाड म्हणून तुम्ही एन/३ उघडाल, पण तो मद्रासच्या मुलकी सेवेतला होता. दोन्ही बघा. प्रती लंडनला उशिरा जात, म्हणून १८२४ बरोबर १८२५ चंही पान चाळा.

कित्तूरचा पत्रव्यवहार मात्र पुण्यात शोधा. तेव्हा दख्खनचा कमिशनर चॅप्लिन होता आणि कमिशनरचं दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. मोडी येत असेल तर इंग्रजी फायलींवर थांबू नका.

मराठीत नाव ‘थॅकरे’ असंच लिहा आणि सूचीत ‘थ’खाली घाला. मूळ इंग्रजी ध्वनी थ च्या जवळचा आहे. ‘ठ’ केलंत की वाचक पुन्हा त्याच प्रश्नाकडे वळेल. जुन्या मराठी कागदातला उतारा देताना मात्र तिथे जे रूप आहे तेच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप द्या.