पिक्चर यायच्या आधीचे दिवस

शहापूर, बेळगाव (धागा काढणारा)

परवा माळ्यावरून इंद्रजाल कॉमिक्सचे दोन गठ्ठे काढले. वडिलांनी बाइंड करून ठेवलेले. एक वाळवीनं खाल्लाय, दुसऱ्यात वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, शाबूत. तो तसाही मरत नसतो.

१९९६ साली पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या, वेताळावर हॉलिवूडचा पिक्चर आलाय, बिली झेन नावाचा कोणी वेताळ झालाय. इंद्रजाल १९९० लाच बंद पडलेलं. सहा वर्षं वेताळाची काही खबर नाही आणि एकदम हे! ते कात्रण खिशात घालून दर शुक्रवारी कॅम्पापर्यंत सायकल मारायचो, पोस्टर बदललं का बघायला. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. पोस्टरं बदलत होती, वेताळ काही येईना. काही वर्षांनी केबलवर सापडला, तोही अर्ध्यातून. आणि वेताळाचा देश डेंकाली कुठंच नाही! सगळे आपले बंगाला बंगाला करताहेत. मूळ नाव तेच होतं, बंगालशी घोळ नको म्हणून इंद्रजालवाल्यांनी आपल्यासाठी डेंकाली केलेलं, हे फार नंतर कळलं. तेव्हा मात्र कुणी आपल्या गावाचं नाव बदलावं तसं लागलं मनाला. (तोही अनुभव २०१४ ला बेळगावचं 'बेळगावी' झालं तेव्हा आलाच, पण तो विषय इथं नको.)

तर मंडळी, तुमच्या कॉमिक्समधल्या हिरोचा पिक्चर कसा होता ते लिहू नका. वाट कशी बघितली ते लिहा.

निपाणी

आमचं घर तंबाखूच्या वखारीला लागून. थोरल्यानं एकदा ठोकून दिलं, की वेताळाचा पिक्चर निघणार आहे, मुंबईची माणसं पोरं निवडायला इकडं येणार. आम्ही तिघं लागलो तयारीला. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्या हातात रक्षणाची, हे पाठ होतं. अंगठी कुठली आणणार? अर्ध्या बटाट्यात चाकूनं कवटी कोरली. दात जरा जास्तच झाले. शाई म्हणून पोत्यांवर मार्का मारायचा काळा रंग घेतला आणि आधी एकमेकांच्या गालावर, मग जोर आल्यावर पोत्यांवर ठप्पे मारत सुटलो. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तर सहा पोत्यांवर कवट्या. अण्णांनी बटाटा पुरावा म्हणून समोर ठेवूनच बडवलं. गालावरची कवटी आठ दिवस निघाली नाही.

मुंबईची माणसं अजून यायची आहेत. तंबाखूवर धोक्याची खूण मारण्यात मात्र आम्ही सरकारच्या बरीच वर्षं पुढं होतो.

खानापूर

२००२ चा स्पायडरमॅन. पिक्चरला बेळगावला जायचं म्हणजे घरात आठ दिवस आधीपासून वातावरण तयार करावं लागायचं, त्यात मी मुलगी. मामाला मध्ये घातलं तर तो म्हणाला, "कोळ्याचा पिक्चर? घरात काय कमी हायत?" स्टँडजवळच्या भिंतीवर पोस्टर होतं, खाली कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं. मी मराठी शाळेची, मला वाटायचं तारीख असेल. शेजारच्या अक्कानं वाचून दाखवलं, ती टॉकीजची वेळ निघाली. मग आमच्याकडचा पाऊस सुरू झाला. पोस्टर खालून सुटत गेलं. आधी पाय गेले, मग जाळं, शेवटी नुसतं लाल डोकं उरलं. परवानगी मिळाली तेव्हा पिक्चर उतरला होता.

अनगोळ

माझं अलीकडचंच. २०२३ ला स्पायडरमॅनच्या 'स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशन पिक्चरचा दुसरा भाग आपल्याकडं दहा भाषांत निघाला, त्यात मराठीही. शिवाय त्यात पवित्र प्रभाकर, म्हणजे २००४ च्या कॉमिकमधला धोतरवाला आपला स्पायडरमॅन. मराठी ट्रेलर मी इतक्यांदा लावला की आईला संवाद पाठ झाले. माझा मित्र गोकाकचा, तो कन्नडसाठी अडून बसलेला. तीन दिवस पैज, बेळगावात आधी कुठली भाषा लागणार. दर तासाला फोनवर बुकिंग उघडायचं. रूममेट विचारायचा, "काय बघूलासा रे एवढं?" आम्हाला जवळ पडणाऱ्या थेटरात शेवटी हिंदी आणि इंग्रजीच लागलं. "एन माडोदप्पा" (काय करायचं बाबा) म्हणत मित्रानं दोन तिकिटं काढली. हिंदीत बघितला. मध्यंतरात कुणी कुणाकडं बघितलं नाही. पैज कोण हरलं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळं पैजेचा कुंदा, आपली बेळगावची मिठाई, दोघांच्याही अंगावर आहे.

खडेबाजार

आम्ही वाट बघितली नाही. ब्लॅकनं तिकीट घेतलं.

चिक्कोडी

मला यातलं काही कळत नाही, मुलगा सातवीत आहे. त्याचा तो डूम, म्हणजे 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' पिक्चर, आधी मे २०२६ ला, म्हणजे सुट्टीत येणार होता. मग १८ डिसेंबरवर ढकलला. त्या दिवशी पोरगं जेवलं नाही. आयर्नमॅन झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियरच आता डॉक्टर डूम होणार, यावर त्याचा अजून विश्वास नाही. "मम्मी, मुखवट्याच्या आत चांगलाच माणूस असला तर?" हे मला भाकरी थापताना विचारतो. मी म्हणते, असेल बाबा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाचा खाडा मांडते. यानं डिसेंबरचं पान उलटून १८ तारखेवर हिरव्या स्केचपेननं मोठा 'डू' काढून ठेवलाय. काल दूधवाले काका हिशेबाला आले, पानं चाळली आणि विचारलं, "वहिनी, डिसेंबरातला खाडा आत्ताच कशाला मांडलाय?"